दोन नंबरची पुडी

आमच्या मोठेबाबांनी जन्मात कुठलीच गोष्ट एकटी पाहिली नाही. देव, डॉक्टर, खत, टूथपेस्ट, जावई, समोर काहीही आलं की ते आधी त्याच्या आजूबाजूला नजर फिरवत आणि विचारत, "हे ठीक आहे. पण बाजूची बांधी कुठी आहे?" बांधी म्हणजे आमच्याकडे धानाच्या शेतातला, चारी बाजूंनी बांध घातलेला एक तुकडा. आणि मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. राहणार सिहोरा. कृषी सहायक म्हणून त्यांनी सगळी नोकरी तुमसर तालुक्यातच काढली आणि त्या नोकरीत त्यांना एकच काम मनापासून आवडलं, ते म्हणजे प्रात्यक्षिक. एखाद्या शेतकऱ्याच्या शेजारशेजारच्या दोन बांध्या घ्यायच्या, एकीत नवं खत, दुसरीत काही नाही, आणि कापणीच्या दिवशी सगळ्या गावासमोर दोन्हींचं धान तोलायचं. निवृत्त होताना माणसं ऑफिसातून घड्याळ नाहीतर शाल-श्रीफळ घरी आणतात. मोठेबाबांनी ही सवय आणली.

एकदा त्यांनी दोन कंपन्यांच्या चपला विकत आणल्या आणि वर्षभर डाव्या पायात एकीची, उजव्या पायात दुसरीची घालून फिरले. एक तपकिरी, एक काळी. लग्नाच्या मांडवातून भल्याभल्यांच्या चपला गेल्या, मोठेबाबांच्या कधी गेल्या नाहीत. वर्षअखेर डावी आधी झिजली. निकाल जाहीर करणार तोच त्यांच्या लक्षात आलं की सायकलवर टांग मारताना आपला सगळा भार डाव्या पायावर असतो. प्रयोग रद्द झाला. माळ्यावर दोन्ही जोड्यांतल्या उरलेल्या चपला वाट पाहत होत्याच. दुसरं वर्ष त्यांनी पाय बदलून काढलं. तोंडाच्या एका बाजूचे दात ते पेस्टने घासत, दुसऱ्या बाजूचे बाभळीच्या काडीने. डावीकडची दाढ पडली तेव्हा ते खूश झाले. दोन महिन्यांनी उजवीकडची पडली तेव्हा त्याहून खूश झाले, कारण आता निकाल पक्का होता. घराची दर्शनी भिंत अर्धी चुन्याची आणि अर्धी डिस्टेंपरची आहे. बसचा कंडक्टर आजही "दोन रंगाचं घर" म्हणून तिथे गाडी थांबवतो.

देवाच्या बाबतीत तर त्यांनी कमालच केली. रोवणीच्या आधी सगळे शेतकरी बांधावर नारळ फोडतात. मोठेबाबांनी एकाच बांधीवर फोडला आणि शेजारची कोरडी ठेवली. शेजारचा शेतकरी घाबरून म्हणाला, "साहेब, पाप लागन." मोठेबाबांनी वही काढली आणि विचारलं, "कोणत्या बांधीले?" कापणीला दोन्हींचं धान जवळजवळ सारखं भरलं. देव मानणारे म्हणाले, देवाने भेदभाव केला नाही. न मानणारे म्हणाले, देव नाहीच. त्या वर्षी गावातली दोन्ही बाजूंची माणसं मोठेबाबांवर खूश होती, आणि असं फार वेळा होत नसे.

मी स्वतः त्यांच्या एका प्रात्यक्षिकातली बांधी आहे. त्यांची मुलगी, आमची ताई, मराठी शाळेत जात होती. माझ्या जन्मानंतर चारेक वर्षांनी त्यांनी माझ्या वडिलांना बसवून समजावलं, "माही मराठीत टाकली, तू तुही इंग्रजीत टाक. पंधरा वर्षांनी पाहू." वडील भाऊ म्हणून बाबांनी ऐकलं आणि मी भंडाऱ्याच्या इंग्रजी शाळेत गेले. ताई आज जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिचा आवाज दोन गल्ल्या पलीकडे जातो. मी चारचौघांत काही बोलायचं ठरवलं की वाक्य आधी मनात जुळवते, उलटसुलट तपासते, आणि तोंडाशी आणेपर्यंत विषय बदललेला असतो. दर दिवाळीला मोठेबाबा माझ्याकडे नीट पाहत आणि ताईला सांगत, "इंग्रजी बांधीत वाढ चांगली आहे. आवाज नाई." हे ते इतक्या मायेने म्हणत की मला राग यायच्या आधी हसू यायचं. नंतर मी नागपूरला फार्मसी शिकायला गेले तेव्हा त्यांनी वहीत माझ्या नावासमोर काहीतरी लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

या सगळ्याच्या मध्ये मोठ्याई होती, म्हणजे मोठेबाबांची बायको. त्यांच्या प्रयोगांना तिने कधी अडवलं नाही आणि कधी मानही दिला नाही. दोन तऱ्हेच्या चहापत्तीचे दोन कप समोर आले की ती कुठलाही एक उचलायची आणि म्हणायची, "गरम आहे. झालं?" अंगाने लहानशी, बोलायला तिखट. गावातल्या बायका म्हणत, साहेबांनी सगळं दोन-दोन घेऊन पाहिलं, बायको तेवढी एकच केली. त्यावर ती म्हणायची, "दुसरी कोण टिकन वो यायच्याजवळ?"

तिला धाप लागायला लागली तेव्हा आधी सगळ्यांनी दमा म्हटलं. चुलीचा धूर, धान पाखडतानाचा भुसा, वय. दीड-दोन वर्षं ती दम्याचा पंप ओढत राहिली. मग एकदा विहिरीपासून दारापर्यंत येताना तिला मधेच खाली बसावं लागलं, आणि मोठेबाबा तिला नागपूरला घेऊन आले. हॉस्पिटल माझ्या होस्टेलपासून जवळ होतं म्हणून मीही गेले. तपासण्या झाल्या. फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांमधला दाब वाढला होता आणि त्याच्याशी झगडून हृदयाची उजवी बाजू थकत चालली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि आम्हाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की यातून पूर्ण बरं होणं कठीण आहे. गोळ्यांनी वेग कमी होतो. बाहेर आल्यावर मोठ्याई मला म्हणाली, "दंडाचा बीपी चांगला आहे म्हणते, छातीतला वाढला म्हणते. आता एका बाईले दोन-दोन बीपी. यायचीच संगत लागली."

त्या दिवशी मोठेबाबा घाबरले होते, पण एका गोष्टीने ते सावरले. डॉक्टरांनी मोठ्याईला हॉस्पिटलच्या लांब व्हरांड्यात सहा मिनिटं चालायला लावलं आणि ती किती अंतर चालली ते मोजून लिहिलं. दर खेपेला हेच करायचं, म्हणाले. अंतर वाढलं तर गोळी लागू पडते आहे. मोठेबाबा माझ्या कानाशी कुजबुजले, "हा डॉक्टर नाई पोरी, आपल्या खात्यातला माणूस आहे."

चिनी औषध आलं ते मोठ्याईच्या भाच्याकडून. तो चीनमध्ये डॉक्टरकी शिकत होता. या दुखण्यावर तिकडच्या जुन्या वैद्यकातलं एक मिश्रण रोग्यांना देऊन तपासताहेत असं त्याने ऐकलं होतं; त्याने ते आत्यासाठी पाठवलं. पाच-सहा झाडपाल्यांचा अर्क वाळवून केलेले तपकिरी दाणे, छोट्या पाकिटांत, गरम पाण्यात विरघळवून प्यायचे. मोठेबाबा पाकिटं घेऊन आधी माझ्याकडे आले. मी ती आमच्या सरांना दाखवली. सर म्हणाले, "यात विषारी काही दिसत नाही. गुण येईल असंही मी म्हणणार नाही." डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "माझी एकही गोळी बंद करायची नाही. हे द्याच, असं मी सांगत नाही. दिलंत तर दर पंधरा दिवसांनी रक्त तपासून मला दाखवायचं." मोठेबाबांनी ते वहीत शब्दन् शब्द लिहून घेतलं. आणि मग, बसस्टँडवर उसाचा रस पिताना, अपेक्षित प्रश्न आला. "पोरी, इच्या बाजूची बांधी कुठी आहे?"

नव्हतीच. गावात तसं दुखणं आणखी कोणाला नव्हतं. दोन दिवस ते विचार करत होते, मग त्यांचा फोन आला. माणूस एकच असेल तर बांधी काळात पाडायची. पंधरा दिवस औषध, पंधरा दिवस खोटं औषध, परत औषध, परत खोटं, आणि रोज सहा मिनिटं चालवून अंतर मोजायचं. आणि कोणतं कोणतं, हे मोठ्याईला कळता कामा नये, आणि त्यांनाही नाही. मी विचारलं, तुम्हाला का नाही? तेव्हा ते जे म्हणाले ते आमच्या कॉलेजच्या कुठल्याही तासाला मला इतकं नीट कळलं नव्हतं. "ज्या बांधीत खत टाकलं तिले शेतकरी दोन वेळा जास्त पाहून येते. तिचं पाणी नाई सरू देत, तिचं गवत काढते. मंग पीक खतानं आलं का मायेनं? मले माहीत असलं तं मी इले औषधाच्या दिवसांत जास्त हाकलन. माहा भरोसा नाई. तुह्याजवळ ठेव."

म्हणून ते गुपित माझ्याकडे आलं. होस्टेलच्या खोलीत मी भाजलेल्या तांदळाचं पीठ, करपवलेला गूळ आणि कडवटपणाला थोडी मेथी असं जमवून खोटे दाणे केले. दोन्हींच्या सारख्या कागदी पुड्या बांधल्या. काहींवर एक आकडा घातला, काहींवर दोन. एका कागदावर 'एक – औषध, दोन – तांदूळ' असं लिहून तो लिफाफ्यात बंद केला. रंग बराच जुळला होता. चव जुळली नव्हती. खरं औषध फार कडू होतं आणि तो कडूपणा मला कशानेही आणता आला नाही. पण चवीबद्दल कोणी विचारलं नाही, आणि मोठेबाबांनी पुडीला जीभ लावायची नाही अशी शपथच घेतली होती.

दिवाळीनंतर, धान घरात आल्यावर, सिहोऱ्याच्या तलावाच्या पाळीवर प्रात्यक्षिक सुरू झालं. मोठेबाबांनी शेत मोजायच्या टेपने पाळ मोजली आणि ठरावीक अंतरावर खुंट्या ठोकून त्यांना रंगीत चिंध्या बांधल्या. स्वतः एका टोकाला प्लास्टिकच्या खुर्चीवर, हातात घड्याळ, मांडीवर वही. मोठ्याई त्यांनी "चाल" म्हटलं की चालायची आणि "थांब" म्हटलं की जिथे असेल तिथे उभी राहायची. दोन दिवसांत गावाला हा कार्यक्रम माहीत झाला. म्हशी धुवायला आलेला एकजण ओरडला, "काहो काकू, रेस लागली का?" मोठ्याई धापा टाकत म्हणाली, "हाव ना बाप्पा. मीच पहिली अन् मीच शेवटची." कोणी विचारलं, हे कायले? तर ती हातानेच मोठेबाबांकडे दाखवून म्हणाली, "यायच्या साऱ्या बांध्या सरल्या. आता मी उरली."

सुट्टीच्या दिवशी मीही पाळीवर जाऊन बसायचे. पहिल्या पंधरवड्यात ती निळ्या चिंधीपर्यंत जायची. दुसऱ्यात ती निळीच्या पुढे गेली, मग पिवळीपर्यंत, आणि एक दिवस पिवळी ओलांडली. चेहऱ्यावर थोडा रंग आला. तिसऱ्यात परत निळी. चौथ्यात परत पिवळी. मोठेबाबांना फक्त पुडीचा आकडा माहीत होता: एक, दोन, एक, दोन. दोन नंबर जिंकत होता. मला मात्र दोन नंबर म्हणजे काय ते माहीत होतं. ती माझ्या होस्टेलच्या खोलीत भाजलेल्या तांदळावर चालत होती. कशामुळे, ते मला आजही ठाऊक नाही. कदाचित कडू काढ्याने त्या पंधरवड्यांत तिचं जेवण कमी होत असेल. कदाचित थंडीचा एखादा चढउतार असेल. दोन महिन्यांच्या चालण्यावरून कशाचंच काही सिद्ध होत नाही, हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं.

निकालाच्या दिवशी मोठेबाबांनी कापणीच्या दिवसासारखीच तयारी केली. अंगणात सतरंजी, चहा, चिवडा. इस्त्रीचा पांढरा शर्ट. ताई, तिचा नवरा, शेजारपाजारची वीस-पंचवीस माणसं. सवयीने त्यांनी धान तोलायचा काटासुद्धा बाहेर काढून ठेवला होता. मोठ्याई म्हणाली, "मले तोलता का काय?" सगळे हसले. मग मोठेबाबांनी वही उघडून अंतरं वाचून दाखवली आणि मोठ्याईला विचारलं, "तुले स्वतःले कसं वाटलं?" ती जराशी लाजली. म्हणाली, "दोन नंबरात मी विहिरीवरून घागर घेऊन आली. खाली नाई बसली." यावर बायकांनी माना डोलावल्या. आणि मोठेबाबा माझ्याकडे वळले. "आता आमची इंग्रजी बांधी लिफाफा फोडन. बोल पोरी."

मी लिफाफा फोडला. समोर सगळे चेहरे होते आणि त्यांत एक चेहरा मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. मोठेबाबा कुठल्याही निकालाच्या वेळी दोन्ही बाजूंना सारखेच तयार असत. ती त्यांची ऐट होती. त्या दिवशी ते एकाच बाजूला होते. त्यांना एक उत्तर हवं होतं, आणि ते इतकं हवं होतं की त्यांची मान थोडी पुढे आली होती. मी मनात वाक्य जुळवलं होतं. खरं वाक्य. ते तोंडाशी येईना. आणि जे आलं ते असं होतं: "दोन नंबर औषध होतं."

टाळ्या वाजल्या. ताईने मला मिठी मारली. मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला. शेतकऱ्याच्या शब्दावर विश्वास न ठेवता स्वतः पोतं उपसून पाहणाऱ्या मोठेबाबांनी माझ्याकडे कागद मागितला नाही.

पुढे भाचा तिकडून पाकिटं पाठवत राहिला आणि मोठ्याई रोज ती पिऊ लागली. गोळ्या आणि रक्ताच्या तपासण्या चालूच होत्या. होळीला मी सिहोऱ्याला गेले. मोठेबाबा बाजारात गेल्यावर तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं, पिठाचा डबा पुढ्यात ओढला आणि मान वर न करता विचारलं, "काय व, त्या कागदावर काय लिहिलं होतं?"

मी डब्याचं झाकण लावायला घेतलं.

"हे नवीन पुड्या आल्या ना, ह्याची चव एक नंबरची आहे. कडू जहर. दोन नंबर गोड लागे. माहे पाय मोजले साऱ्यायनं, जीभ कोणी विचारली का?"

मी तिला सगळं सांगितलं. ती आधी बघतच राहिली आणि मग इतकी हसली की तिला धाप लागली. मी घाबरून पाठ चोळत बसले. "तांदूळ!" ती म्हणत होती. "तांदळावर मी पाळ चालली वो माय!" थोड्या वेळाने शांत झाली. मी म्हटलं, मी आज मोठेबाबांना सांगून टाकते, तू हे पिणं सोड. तिने पिठाचे हात झटकले. "नको सांगू. जन्मभर दुसऱ्याच्या बांधीतलं पीक दाखवत फिरला तो माणूस. आता घरच्या बांधीत पिकलं म्हणून गावभर सांगून राहिला. मी सोडली तं विचारन, काहून सोडली? पिते मी. कडूच आहे ना, मारत तं नाई."

मला तेव्हा बरं वाटलं, हे मी कबूल करते. खोटं माझं होतं, आणि ते तिने अर्धं उचलून घेतलं. मी ते तिच्यावर सोडून नागपूरला परत आले.

दुखणं डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच पुढे सरकत गेलं. गणपतीनंतर तिच्या पायांवर सूज आली, पाळीवर जाणं बंद झालं. भाच्याचं शिक्षण संपून तो परत आला आणि पाकिटंही संपली. त्यानंतर तीन आठवड्यांनी मोठ्याई नागपूरच्या हॉस्पिटलात वारली. आम्ही सगळे होतो. डॉक्टर मोठेबाबांना म्हणाले की जे करता येण्यासारखं होतं ते सगळं झालं. मोठेबाबांनी ऐकून घेतलं आणि व्हरांड्यात येऊन बाबांना म्हणाले, "पुड्या सरल्या अन् ते सरली. मी आधीच जास्त मागवून ठेवाले पाहिजे होत्या."

हे वाक्य ते त्यानंतर प्रत्येकाला सांगू लागले. तेरवीला आलेल्यांना, पोस्टमनला, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही. दोन वेगळ्या चपला घालणारा माणूस एका जोडीच्या चपला घालून फिरू लागला. चुना झडला तेव्हा त्यांनी भिंत तशीच राहू दिली. मी प्रत्येक खेपेला ठरवून जायचे की आज सांगेन, आणि प्रत्येक खेपेला मला वाटायचं, तिने नको म्हटलं होतं. भित्र्या माणसाला मेलेल्या माणसाचा शब्द फार सोयीचा पडतो.

या उन्हाळ्यात मोठेबाबांनी मला फोन करून बोलावून घेतलं. वरठीच्या स्टील कारखान्यात काम करणारे एक गृहस्थ मोटारसायकलवरून आले होते. त्यांच्या बायकोला तेच दुखणं निघालं होतं, आणि कुणीतरी त्यांना सिहोऱ्याच्या साहेबांचं चिनी औषध सांगितलं होतं. मी पोचले तेव्हा ते खाटेवर बसून बोलत होते. "इकडच्या गोळ्यायनं तिचं डोकं दुखते, साहेब. मी म्हटलं, त्या बंदच कराव्या अन् तुमचं तेच सुरू करावं. तुमच्या बाई चालत होत्या म्हणते ना त्याच्यावर?"

मोठेबाबांनी वही मांडीवर घेतली होती. "चालत होती. लिहून आहे. मिळवून देतो मी. अन् ह्या पोरीलेच विचारा, हे फार्मसी शिकली. लिफाफा हिनंच फोडला." ते माझ्याकडे पाहून हसले. "सांग यायले."

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या खिशात बायकोच्या गोळ्यांचं पाकीट होतं. बोलताना तो ते बाहेर काढत होता, आत घालत होता. या वेळी वाक्य जुळवायला वेळ नव्हता.

"गोळ्या बंद करू नका," मी म्हटलं. "डोकं दुखतं ते डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतील. मोठेबाबा, दोन नंबर औषध नव्हतं. दोन नंबर तांदूळ होता. मी त्या दिवशी खोटं बोलले."

मोठेबाबांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता ते ओरडतील, आणि मला ते हवंही होतं. पण त्यांनी विचारलं, "कोणता तांदूळ?"

"तुमच्याच शेतातला. मोठ्याईने होस्टेलवर खायला दिलेला."

त्यांनी मान हलवली, जशी एखाद्या शेतकऱ्याने बियाण्याचं नाव सांगितल्यावर हलवत. मग ते त्या गृहस्थांकडे वळले. आवाज खात्यातला होता. "ऐकलं ना? आमचं प्रात्यक्षिक उलटं वाचल्या गेलं. त्या औषधानं काई केलं नाई. गोळ्या सोडू नका. उद्याच नागपूरले जा, मी येतो संगं." तो माणूस गोंधळला होता, पण त्याने पाकीट खिशात नीट ठेवलं आणि तो गेला.

आम्ही दोघेच उरलो. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हाताने थांबवलं.

"म्हणजे पुड्या सरल्या म्हणून ते नाई गेली."

"नाही, मोठेबाबा."

ते भिंतीकडे वळले. खांदे थोडे खाली आले, ओझं उतरवल्यावर येतात तसे. मग त्यांना दुसरंच काही सुचलं. "तिले माहीत होतं?"

"हो."

"कवापासून?"

"नवीन पाकिटातली पहिली पुडी प्यायली तेव्हापासून. चवीवरून कळलं तिला. तुम्हाला सांगू नको म्हणाली."

त्यांनी बोटांवर महिने मोजले. दोनदा मोजले. "आठ महिने," ते म्हणाले. "आठ महिने ते कडू जहर पित राहिली. मले बरं वाटावं म्हणून."

त्यांनी वही मिटून खाटेवर ठेवली.

"मी समोरच बसून राहो, पोरी. ते पित होती तवा मी समोरच असो. पण मी घड्याळ पाहत होतो, तिचे पाय पाहत होतो. एकदा तोंडाकडे पाहिलं असतं तं मले समजलं असतं."

मी त्यांना सांगू शकले असते की निकालाच्या दिवशी मी फक्त तोंडंच पाहत होते, आणि त्याने काय झालं ते तुम्ही पाहिलंत. पण हे वाक्य जुळायला मला परतीचा सगळा बसप्रवास लागला. तेव्हा मी नुसती त्यांच्या शेजारी, खाटेच्या दुसऱ्या कडेला बसून राहिले. ऊन उतरलं. शेजारच्या घरी कुणीतरी कांदा परतायला घातला. मोठेबाबा म्हणाले, "चहा मांड. साखर जास्त टाकजो."

मी आत जाऊन दोन कप चहा केला, बाहेर आणला, आणि त्यांनी न पाहता जवळचा कप उचलला.